दत्ताराम ठेका आणि दत्तारामांच्या चाली

दत्ताराम वाडकर म्हटलं की आपल्या गोव्यातही लोक टेबलावर बोटांनी ठेका धरतात. चाल कुणी गुणगुणत नाही. शंकर-जयकिशनकडे तालाची बाजू सांभाळणारे दत्ताराम 'अब दिल्ली दूर नहीं' (१९५७) पासून स्वतंत्र संगीतकारही होते. 'परवरिश' (१९५८) मधलं मुकेशचं उदास गाणं परत ऐका. मी इंजिनियर, आधी मात्रा मोजतो. ढोलकचा ठेका झुलत पुढे जातो, सूर मात्र मागे रेंगाळतो. सगळा भार त्या ओढाताणीवर. नुसत्या ठेक्यानं हे होत नाही, चालच तशी बांधावी लागते. त्यांना 'सहाय्यक' म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. 'कैदी नंबर ९११' (१९५९) मधलं लताचं खेळकर गाणं त्यांचंच. मी स्वतः कित्येक वर्षं ते शंकर-जयकिशनचं समजत होतो!