सूडपट आणि नटाची निवड

सूडाच्या चित्रपटांची चर्चा वाङ्मयीन व्यासपीठावर व्हावी की न व्हावी, याविषयी आमच्या सदस्यांत मतभेद आहेत. परंतु परदेशीपुऱ्यात वावरणाऱ्यास तो विषय टाळता येत नाही. गिरणीवस्ती म्हणून वाढलेल्या इंदूरच्या या भागात 'शोले' (1975) तोंडपाठ असलेली माणसे आजही भेटतात. आणि त्याच्या दोघा लेखकांपैकी सलीम खान हे मूळचे इंदूरचे, ही गोष्ट येथे अभिमानाने सांगितली जाते. अलीकडे एका घरगुती बैठकीत त्या चित्रपटाच्या पात्रयोजनेचा विषय निघाला, तेव्हा बहुतेकांनी गब्बरसिंगाच्या भूमिकेसाठी झालेल्या अमजद खान यांच्या निवडीचे गोडवे गायिले. आमचे मत निराळे पडले.

ती निवड उत्तम होती, यात वाद नाही. ही भूमिका प्रथम डॅनी यांच्याकडे जावयाची होती. 'धर्मात्मा'च्या कामात ते गुंतल्यामुळे ती एका जवळजवळ अपरिचित नटाकडे आली. त्याच्या आवाजाविषयी खुद्द लेखकांनाच शंका आल्याचे सांगतात. अमजद खान यांनी तरुणकुमार भादुरी यांचे चंबळच्या दरोडेखोरांवरील पुस्तक वाचून तयारी केली. ही सगळी हकीकत रंजक आहे खरी. परंतु खलनायकाची तयारी ही मुख्यत्वे भर घालण्याची तयारी असते. हसणे, तंबाखू चोळणे, पट्टा फरफटत चालणे, असे एकेक लेणे नट अंगावर चढवीत जातो आणि प्रेक्षकास ते दिसते. ज्याच्या ठायी सूड वसतो, त्या पात्राचे तसे नाही.

आमच्या साहित्यशास्त्रात क्रोध हा रौद्राचा स्थायीभाव मानला आहे, आणि अपमान असह्य होऊन प्रतिकाराचा निश्चय करणारा अमर्ष हा भरताने तेहतीस व्यभिचारी भावांत गणला आहे. सूडकथेत मात्र हा व्यभिचारी भावच ठाण मांडून बसतो. क्रोध उसळतो आणि ओसरतो. अमर्ष वर्षानुवर्षे जपून ठेवावा लागतो. 'वेणीसंहार' नाटकात भट्टनारायणाने त्यासाठी द्रौपदीच्या मोकळ्या केसांची योजना केली. दुर्योधनाच्या रक्ताने माखलेल्या हातांनी भीमाने ते बांधीपर्यंत तो अपमान प्रेक्षकास विसरता येत नाही.

'शोले'तील ठाकूर बलदेवसिंगाच्या बाबतीत लेखकद्वयाने नेमके उलट केले. अपमानाची खूण त्यांनी शालीखाली झाकली. गब्बरने ठाकुराचे दोन्ही हात तोडले आहेत, हे प्रेक्षकास बऱ्याच उशिरा, वाऱ्याने शाल उडाल्यावर कळते. होळीच्या दिवशी बंदूक जवळ पडली असूनही ठाकूर ती उचलीत नाही, तेव्हा प्रेक्षक त्याच्यावर रागावतो. आता नटाची अडचण पाहावी. हात नाहीत हे लपवावयाचे, पण लपवीत असल्याचे दिसू द्यावयाचे नाही. शिवाय पुढे सत्य कळल्यावर मागील प्रत्येक प्रसंग पुन्हा पटला पाहिजे.

या कामी संजीवकुमार यांची योजना झाली. त्यांना स्वतः गब्बरची भूमिका हवी होती आणि धर्मेंद्र यांना ठाकुराची, असे सांगतात. दिग्दर्शक रमेश सिप्पी बधले नाहीत, हे बरे झाले. 1938 साली जन्मलेला हा नट तेव्हा पस्तिशी-छत्तिशीचा होता. परंतु रंगभूमीवर तरुणपणीच म्हाताऱ्यांच्या भूमिका करून त्याने देह आवरण्याची विद्या कमावली होती. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे 'कोशिश' (1972). तेथे तो मूकबधिर होता आणि हात हीच त्याची वाणी होती. हातांनी बोलण्याची एवढी साधना केलेल्या नटाचे हातच काढून घेतले, तेव्हा उरलेले सारे मानेत, खांद्यांत आणि नजरेत आले. पूर्वकथेतील तडफदार पोलीस अधिकारी मात्र आम्हांस तितकासा पटत नाही; तेथे देह जड वाटतो. पण शाल अंगावर आली की तोच जडपणा उपयोगी पडतो.

बैठकीत एका वृद्ध गिरणी कामगाराने सांगितलेली गोष्ट आम्ही विसरू शकत नाही. साच्यावर काम करताना ज्याची बोटे गेली, असा त्यांचा एक सोबती पुढे आयुष्यभर तो हात खिशातच ठेवीत असे, लग्नसमारंभातसुद्धा. "ठाकूर आम्हांला लगेच कळला," ते म्हणाले. 1991 साली बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना थकलेल्या पैशांसाठी 2023 पर्यंत वाट पाहावी लागली. दीर्घकाळ दाबून ठेवलेला अमर्ष म्हणजे काय, हे या वस्तीस भरताच्या ग्रंथावाचून ठाऊक आहे.

तुलनेसाठी 'अर्धसत्य' (1983) घ्यावा. श्री. दा. पानवलकर यांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. गोविंद निहलानी यांनी रामा शेट्टीच्या भूमिकेसाठी मराठी रंगभूमीवरून सदाशिव अमरापूरकर यांना निवडले, तेव्हा हिंदी प्रेक्षकास त्यांचा परिचय नव्हता. येथे तोल उलटा आहे. खलनायक स्वस्थ बसून हलक्या आवाजात बोलतो आणि अंगाची लाही होते ती ओम पुरी यांच्या वेलणकरची. वेलणकरला हात आहेत. शेवटी तो त्यांनीच शेट्टीचा गळा दाबतो. त्या कृत्याने त्याला समाधान लाभल्याचे ओम पुरी चेहऱ्यावर दाखवीत नाहीत, हा त्यांच्या अभिनयाचा कळस होय.

'शोले'च्या नटास ही संधी नाकारली गेली. मूळ पटकथेत ठाकूर खिळे ठोकलेल्या जोड्यांनी गब्बरला तुडवून मारतो. आणीबाणीच्या काळात परिनिरीक्षण मंडळाने आक्षेप घेतला आणि ऐन वेळी पोलीस आणून उभे केले. 2025 साली इटलीतील बोलोन्या येथे मूळ शेवटासह पुनरुज्जीवित प्रत दाखविण्यात आली, तेव्हा संजीवकुमार यांना जाऊन चाळीस वर्षे होत आली होती. त्या शेवटात वैरी मेल्यावर ठाकूर विजयाने गर्जत नाही; तो ढसढसा रडतो. डोळे पुसावयास त्याला हात नाहीत.