चित्ररसिकाचे मत आणि अभिजात चित्रपट : तीन उदाहरणांच्या आधारे एक विचार

प्रस्तावना

कवितेविषयी बोलताना सामान्य वाचक काहीसा बिचकतो; चित्रपटाविषयी मात्र प्रत्येकजण निःसंकोचपणे मत देतो. परंतु चित्रपटाला 'अभिजात' किंवा 'कलात्मक' हे विशेषण लागले की हाच प्रेक्षक एकाएकी गप्प होतो. 'पाथेर पांचाली' (१९५५) थोर आहे, असे विद्यार्थी उत्तरपत्रिकेत लिहितो. पाहताना तो आपल्याला संथ वाटला, हे मात्र वर्गात सांगत नाही. आपल्या अनुभवापेक्षा इतरांनी दिलेला निकाल त्याला सुरक्षित वाटतो. अशा वेळी रसिकाच्या वैयक्तिक मताला समीक्षेत काही स्थान आहे काय, आणि असल्यास ते कोणत्या अटींवर, या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात तीन चित्रपटांच्या आधारे करावयाचा आहे.

मराठी चित्ररसिकतेची पार्श्वभूमी

१९५२ साली भारतात पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि 'बायसिकल थीव्हज'सारखे चित्रपट येथील प्रेक्षकांसमोर आले. १९५९ मध्ये फिल्म सोसायट्यांचा महासंघ स्थापन झाला. १९६४ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले, तर १९६८ मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळाची स्थापना झाली. पनवेलसारखे शहर या दोन केंद्रांच्या वाटेवर वसलेले आहे. येथील रसिकाला एखादा जपानी वा इटालियन चित्रपट पाहावयाचा तर दीर्घकाळ मुंबई किंवा पुणे गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. आज तोच चित्रपट त्याच्या हातातील मोबाईलवर उपलब्ध आहे. परंतु फिल्म सोसायटीत चित्रपट संपल्यावर जी चर्चा होत असे, जेथे आपले मत इतरांच्या मतावर घासून पाहता येत असे, ती मोबाईलबरोबर आलेली नाही. चित्रपट सुलभ झाला, पण मताची परीक्षा दुर्मीळ झाली. म्हणूनच ही जबाबदारी आता काही अंशी महाविद्यालयाच्या वर्गावर येऊन पडली आहे.

'कागज के फूल' : आख्यायिकेचे ओझे

गुरुदत्त यांचा 'कागज के फूल' (१९५९) हा भारतातील पहिला सिनेमास्कोप चित्रपट. तो प्रदर्शित झाला तेव्हा प्रेक्षकांनी नाकारला. त्यानंतर दिग्दर्शक म्हणून गुरुदत्तांचे नाव एकाही चित्रपटाला लागले नाही आणि १९६४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे हाच चित्रपट अभिजात ठरला. आज तो पाहणारा रसिक पडद्यावरील सुरेश सिन्हा या दिग्दर्शकाच्या ऱ्हासात गुरुदत्तांचाच अंत पाहतो आणि चरित्राबद्दलची हळहळ चित्रपटाच्या खाती जमा करतो.

रिकाम्या स्टुडिओत वरून उतरणारा प्रकाशाचा झोत आणि त्याच्या दोन बाजूंना उभी असलेली दोन माणसे, हे छायालेखक व्ही. के. मूर्ती यांनी टिपलेले दृश्य कोणत्याही आख्यायिकेच्या आधाराशिवाय श्रेष्ठ आहे. त्या दोघांमधील ओढ आणि त्यांच्यातील न ओलांडता येणारे अंतर ही दोन्ही प्रकाशाच्या मांडणीतूनच कळतात. याउलट, जॉनी वॉकर यांच्या वाट्याला आलेला विनोदी भाग आणि नायकाच्या सासरचे साहेबी वातावरण यांचे चित्रण मूळ शोकसूत्रात नीट मिसळत नाही, असे मत एखाद्या रसिकाने मांडल्यास त्यातही तथ्य आहे. अभिजात कृतीतही दुबळे भाग असू शकतात; ते सांगण्याने तिचा अवमान होत नाही.

अरुण खोपकर यांच्या 'गुरुदत्त : तीन अंकी शोकांतिका' (१९८५) या ग्रंथाचे मोल या संदर्भात ध्यानात येते. त्यामागे उत्कट प्रेम आहे, हे उघड आहे. मात्र ते प्रेम व्यक्तीच्या दंतकथेवर थांबत नाही. प्रकाश, कॅमेऱ्याची हालचाल, गीतांची योजना अशा पडद्यावर दाखविता येण्याजोग्या गोष्टींकडे ते वाचकाला घेऊन जाते. वाचक त्या जागा पुन्हा पाहू शकतो आणि लेखकाशी असहमतही होऊ शकतो.

'संत तुकाराम' : प्रशस्तीचे ओझे

विष्णुपंत दामले आणि एस. फत्तेलाल दिग्दर्शित 'संत तुकाराम' (१९३६) याचे प्राक्तन नेमके उलट होते. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्याची दखल घेतली गेली. लोकप्रिय आणि कलात्मक हे दोन वेगळे प्रांत आहेत, या समजुतीला हा एकच चित्रपट पुरेसे उत्तर आहे. तथापि त्याच्याविषयी लिहिताना व्हेनिसचा उल्लेख प्रथम आणि चित्रपटाचा नंतर, अशी रीत मराठीत रूढ झाली आहे. परदेशी प्रशस्ती हाच गुणवत्तेचा पुरावा ठरतो आणि रसिकाला स्वतः काही पाहण्याची गरज उरत नाही.

आजच्या प्रेक्षकाला त्यातील चमत्कार भाबडे वाटले, तर ते मत दडपण्याचे कारण नाही. मात्र त्या मताने पुढे जिजाईकडेही पाहावे. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम ध्यानमग्न आहे. गौरी यांची जिजाई मुले, म्हैस आणि रिकाम्या घराची काळजी वाहते. आजारी मुलाला ओढत, हातात वहाण घेऊन ती थेट विठ्ठलाला जाब विचारण्यास देवळात शिरते. भक्तीच्या चित्रपटात भक्तीची किंमत मोजणारी व्यक्ती इतक्या ठसठशीतपणे उभी आहे. अखेर तुकाराम वैकुंठाला जातात आणि जिजाई मागे, पृथ्वीवरच राहते. चमत्कार न मानणाऱ्या रसिकालाही हा शेवट अस्वस्थ करू शकतो. पहिल्या मतापासून येथवरचा प्रवास प्रेक्षकाने स्वतः करावयाचा असतो.

'कोर्ट' : कंटाळ्याचा अर्थ

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट' (२०१४) विषयी 'कंटाळवाणा' हा शेरा वारंवार ऐकू येतो. लोकशाहीर नारायण कांबळे यांच्यावरील खटला कॅमेरा दुरून, स्थिरपणे पाहतो. तारखांमागून तारखा पडत राहतात. प्रेक्षक कंटाळतो, हे खरे आहे. पण हा कंटाळा कशाचा, असा पुढचा प्रश्न विचारताच त्या मताचे रूप पालटते. सत्र न्यायालयात ताटकळणाऱ्या माणसाचा काळ प्रेक्षकाच्या वाट्याला आलेला असतो. सुटी लागल्यावर दिवे मालवले जातात, न्यायकक्ष अंधारात बुडतो आणि चित्रपट संपला असे वाटते. परंतु तो न्यायाधीशांच्या सहलीपर्यंत जातो. हा उत्तरभाग अनावश्यक आहे की अपरिहार्य, याविषयी दोन प्रामाणिक रसिकांत मतभेद संभवतो. या मतभेदातूनच वर्गातील खरी चर्चा सुरू होऊ शकते. सर्वच कंटाळा अर्थपूर्ण असतो, असे मात्र नव्हे. संथपणाला आपोआप कलात्मक मानणे ही देखील उसनी रसिकताच होय.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून रसिकाच्या मताला समीक्षेचे मोल कधी येते, याच्या तीन कसोट्या सांगता येतील. पहिली, ते मत एखाद्या दृश्याकडे, ध्वनीकडे वा अभिनयाच्या क्षणाकडे बोट दाखवू शकले पाहिजे. दुसरी, चरित्र, पारितोषिक आणि ख्याती यांमुळे आपले मत किती घडले, याचे भान त्याला असले पाहिजे. तिसरी, पुन्हा पाहिल्यावर बदलण्याची त्याची तयारी हवी. या कसोट्यांना उतरणारे 'मला आवडला नाही' हे विधान परिभाषेने नटलेल्या स्तुतीपेक्षा अधिक उपयुक्त ठरते.

अभिजात चित्रपटांच्या याद्या विद्यार्थ्याला कोठेही मिळतात. आपले मत उच्चारण्याचे धैर्य आणि ते तपासून घेण्याची शिस्त या दोन गोष्टी मात्र त्याला अध्यापकाकडूनच मिळू शकतात. त्यासाठी 'पाथेर पांचाली' संथ वाटला, असे म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला थांबविण्याऐवजी कोणत्या प्रसंगी संथ वाटला, असे विचारणे आणि तो प्रसंग त्याच्यासह पुन्हा पाहणे इष्ट ठरेल.