दोन खाती, एक पाहुणा

बी. कॉम. झालेल्या माणसानं कादंबरीविषयी बोलू नये, असा आमच्या घरचा दंडक आहे. पण सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’पुरता तो मोडायला हरकत नाही. २००६ सालची ही कादंबरी मुळात हिशेबाचीच आहे. पुण्यात जोश्यांच्या घरी एक पेइंग गेस्ट येतो. घरातला मुलगा तनय त्याच्या प्रेमात पडतो आणि मुलगी अनुजाही पडते. ती त्याच्याबरोबर निघून जाते आणि काही महिन्यांनी एकटीच परत येते. आधीचं पुस्तक तनय सांगतो, नंतरचं अनुजा. व्यवहार एक, नोंदी दोन. जमा-नावे जुळलं की झालं!

पण जुळतं कुठे? तनय सगळं त्या निघून गेलेल्या माणसाला ‘तू’ म्हणून सांगत सुटतो. अनुजा रोजनिशी लिहिते आणि तिच्या वहीत भाऊ हा नुसता भाऊच. मुलगी परत आली म्हणजे तिच्यासाठी घर हलतं. रडारड, आरडाओरडा, उपचार, सगळं रीतसर. तनयचं मात्र कोणी गेलंय हेच कोणाला ठाऊक नाही. त्याला दुखवट्याची रजा मंजूर कोण करणार?

खरी करामत आहे ती क्रमात. अनुजाची वही आधी छापली असती, तर ‘अरे, भावाचंसुद्धा?’ असा एक धक्का बसला असता आणि धक्क्याबरोबर मजाही सरली असती. आपण तनयला आधी वाचलेलं असतं. त्यामुळे अनुजाच्या पानापानावर आपण त्यालाच शोधत बसतो. ती काहीतरी सहज लिहून पुढे जाते आणि इथे आपल्या पोटात खड्डा पडतो. दोन्ही वह्या हातात असलेला माणूस एकटा वाचकच, आणि त्याला काही बोलायची सोय नाही.

“त्या मेल्याचं म्हणणं कुठंय?” आमच्या सौ.चा सवाल. नाही, आणि नसलेलंच बरं. त्याला नावसुद्धा दिलेलं नाही. त्यानं खुलासा केला असता तर आपण बाकी काढून खातं बंद केलं असतं.

मला हवा होता बाबांचा भाग. दोन मुलांचा बाप आहे मी! पण तो लिहिला असता, तरी ‘भाडं वेळेवर देत असे’ यापलीकडे त्यात काय निघालं असतं, कोण जाणे.