केळीची साल आणि हिस्टेरिसिस वलय : एका लघुलेखाची समीक्षा

फेरोइलेक्ट्रिक पदार्थांवरील लेखनात विनोदाला सहसा स्थान नसते. जे. एफ. स्कॉट यांचा 'फेरोइलेक्ट्रिक्स गो बनानाज' हा २००८ सालचा लघुलेख याला ठळक अपवाद आहे. केळीच्या सालीला इलेक्ट्रोड जोडून त्यांनी विद्युतभार व विभवांतर यांचा आलेख घेतला आणि बंद वलय मिळविले. केळे फेरोइलेक्ट्रिक नाही, हे रावेर-यावलच्या केळी उत्पादकाला निराळे सांगावयास नको. परंतु अशाच वलयाच्या आधारे नवनवे पदार्थ फेरोइलेक्ट्रिक ठरविणाऱ्या शोधनिबंधांना ते उत्तर होते. शीर्षकात श्लेषही आहे. बेरियम सोडियम नायोबेट या अस्सल फेरोइलेक्ट्रिक स्फटिकाचे, त्याच्या सूत्रातील अक्षरांवरून पडलेले टोपणनाव 'बनानाज' हेच होय.

लेखाचे बलस्थान त्याच्या साधेपणात आहे. मापनमंडल ध्रुवण थेट मोजत नाही. ते साठलेला विद्युतभार मोजते. नमुन्यातून गळणारा विद्युतभारही त्यातच जमा होतो. त्यामुळे गळक्या धारित्राचे वलय गोलसर टोकांचे दिसते, तर खऱ्या फेरोइलेक्ट्रिकचे वलय दोन्ही टोकांना संपृक्त होते. बेरियम टायटॅनेटची गोळी दाबून, भाजून, तिला चांदीचा लेप देणे जळगाव वा धुळ्याच्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेला अवघड नाही. अवघड आहे ते मिळालेल्या वलयावर अविश्वास दाखविणे. पदवी किंवा प्रकाशन त्या वलयावर अवलंबून असेल, तर अधिकच.

तथापि, स्कॉट यांची मांडणी विद्युतवहनाकडे केवळ दोष म्हणून पाहते, ही तिची मर्यादा होय. २००९ साली सायडेल व सहकाऱ्यांनी बिस्मथ फेराइटच्या पातळ थरात, सामान्य तापमानास, डोमेनमधील भिंती विद्युतवाहक असल्याचे दाखविले. १०९ व १८० अंशांच्या भिंतींतून प्रवाह वाहिला; ७१ अंशांच्या भिंतींतून मात्र आढळला नाही. म्हणजे डोमेनची रचना बदलली की प्रवाहाचे मार्गही बदलतात. ज्याला गळती म्हणून बाजूला सारावयाचे, तोच येथे अभ्यासविषय ठरतो. नॅनोरचनांत भिंतींचे प्रमाण मोठे असल्याने हा भेद अधिकच नाजूक होतो. संपूर्ण नमुन्याचे वलय या बाबतीत मूक असते. सूक्ष्म टोकाने त्याच जागी ध्रुवण व प्रवाह दोन्ही तपासावे लागतात.

मात्र यावरून स्कॉट कालबाह्य ठरले, असे म्हणणे घाईचे होईल. ऑक्सिजनची रिक्तस्थाने भिंतींपाशी गोळा होतात. तेव्हा वहन भिंतीचे की त्या दोषांचे, हा प्रश्न प्रत्येक नमुन्याला नव्याने विचारावा लागतो. जेथे सूक्ष्मदर्शी उपलब्ध नाही, तेथे निदान निरनिराळ्या वारंवारतांना वलय घेता येते. वारंवारता उतरताच वलय फुगत गेले, तर गळतीचा संशय बळावतो. असे आलेख, प्रवाह-विभवांतर वक्रासह, निबंधात छापण्यास फारशी जागा लागत नाही.