वंशावळीची झडती

समीक्षा कविता-कादंबरीचीच करायची असं कुणी ठरवलं? मी सूतगिरणीत पाळ्या करणारा माणूस. कॉलेजात गेलो नाही, म्हणून कुठला कागद वाङ्मय आणि कुठला नाही हे मला कुणी शिकवलं नाही. तर मित्रांनो, यावेळी मी वंशावळ वाचली.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर चहा पिताना जमीनवाल्या घरातल्या एका ओळखीच्या पोरानं ती टेबलावर पसरली. सात पिढ्या. खासरा पत्रक, फेरफार, खरेदीखतं, जुन्या लग्नपत्रिका धुंडाळून जुळवलेल्या. त्याला कुणबी दाखला पाहिजे. सप्टेंबर 2023 मध्ये सरकारनं निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि मराठवाड्यात निजामाच्या काळातली दप्तरं उघडली. उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. जानेवारी 2024 मध्ये ‘सगेसोयरे’ या शब्दाचा मसुदा निघाला. 2 सप्टेंबर 2025 ला हैदराबाद गॅझेटिअरचा निर्णय झाला.

त्या पोराची थट्टा मला करायची नाही. पाऊस दगा देतो तेव्हा त्याचंही रान करपतं, आणि बीडमधून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्यांत त्याच्या जातीचीही माणसं असतात. दाखल्याचं कायदा ठरवील. मी फक्त कागद वाचतोय.

या कागदाचा नायक मूळ पुरुष. पण मूळ कसला? ज्याच्या नावावर पहिला कागद झाला तो मूळ. त्यालाही बाप होता, पण दप्तराला त्या बापाची गरज नव्हती. खाली फांद्या फुटतात त्या पोरं झाली म्हणून नाही, वाटणी झाली म्हणून. एका भावानं रान विकून गाव सोडलं, त्याच्या नावाखाली कोरी जागा. त्याला काय लेकरं झाली नसतील? ही जमिनीची वंशावळ आहे. माणसं नुसती तिला चिकटलेली.

आणि बाया? सात पिढ्यांत एकाही आईचं नाव नाही. शेवटच्या पिढीत तेवढी लेकींची नावं दिसतात, कारण 1994 ला महाराष्ट्राच्या आणि 2005 ला देशाच्या कायद्यानं त्यांना वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा दिला. पण फेरफार बघा. नाव लागलं, पाठोपाठ हक्कसोड पत्र. सही केली की बाहेर. बाबासाहेबांनी 1951 ला मंत्रिपद सोडलं, त्या कारणांत हिंदू कोड बिल होतं ते उगाच नाही.

लग्नपत्रिका मात्र जपून ठेवल्यात. कारण सोयरीक कुठं झाली यावरून जात सिद्ध करता येते. 1916 ला कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी हेच मांडलं होतं : जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून. शंभर वर्षांनी त्याचा पुरावा सरकारी मसुद्यातच सापडावा!

वंशावळ जुनी म्हणून खरी, असंही समजू नका. 1674 ला शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकासाठी भोसल्यांचं कुळ उदेपूरच्या सिसोदियांशी जोडावं लागलं, कारण क्षत्रिय असल्याशिवाय अभिषेक नाही असं ब्राह्मण म्हणत होते. ज्यानं मनगटावर राज्य कमावलं त्यालाही आज्या-पणज्याचा कागद मागितला! तेव्हा वर चढायला कागद लागला, आज खाली उतरायला लागतो. मागणारी व्यवस्था तीच आहे.

मग आपण कुठं आहोत? खरेदीखताच्या चतुःसीमेत. पूर्वेस ओढा, पश्चिमेस महारकी. वतनाच्या जुन्या तंट्यांत गोतसभा बसायची, महजर व्हायचा. गावची शीव कुठं, हे महाराला विचारायचे. ज्याच्या शब्दावर दुसऱ्याची जमीन ठरली त्याच्या वाट्याला वतनाचा तुकडा, आणि त्या तुकड्यापायी गावाची राबणूक. 1928 ला मुंबईच्या कौन्सिलात बाबासाहेबांनी वतनाच्या कायद्यात दुरुस्ती मागितली ती हीच वेठ मोडायला.

आपले पोरं म्हणतात, आपल्याला कागदच नाही. खोटं आहे. तलाठ्याच्या दप्तरात गाव नमुना 1-ई असतो. अतिक्रमणाची नोंदवही. माझा आजा त्यात आहे. गायरान कसलं म्हणून त्याला दंड झाला होता. आज्जीनं ती पावती पत्र्याच्या पेटीत दडवली, आम्हाला लाज वाटायची. पुढं 28 नोव्हेंबर 1991 चा शासन निर्णय आला : 14 एप्रिल 1990 पर्यंतची दलित भूमिहीनांची गायरानातली अतिक्रमणं नियमित करायची. तेव्हा कळलं, ज्या पावतीनं आज्याला गुन्हेगार ठरवलं, तीच त्याच्या कसण्याचा पुरावा आहे.

जमीनवाल्याची वंशावळ सातबाऱ्यात, आपली 1-ईत, पंचनाम्यात, दंडाच्या पावतीत. अनुसूचित जातीच्या पडताळणीला 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा पुरावा मागतात. ज्याला शेत नव्हतं आणि शाळेत जाऊ दिलं नव्हतं, त्यानं तो कुठून आणायचा? कोतवाल बुकातून, जन्ममृत्यूच्या नोंदीतून आणायचा.

म्हणून कार्यकर्त्यांनो, कविता लिहाच. पण या महिन्यात तहसिलीत जाऊन आपापल्या वस्तीच्या 1-ईची नक्कल काढा. पेटीतल्या पावत्या वाळवीच्या आधी बाहेर काढा. आणि वंशावळ लिहायला बसाल तेव्हा आईचं नाव आधी लिहा. तेवढं विसरलात, तर आपणही त्यांचाच कागद गिरवला.

जय भीम.