'लैला' आणि नसबचा प्रश्न

दारियुश मेहरजुई यांच्या 'लैला' (१९९७) या इराणी चित्रपटात लैलाला मूल होत नाही. नवरा रझा म्हणतो, मला मूल नको. सासूला मात्र एकुलत्या मुलाचा वंश हवा. (अशा सासवा आमच्या मोहल्ल्यातही आहेत.) अखेर लैलाच त्याला दुसऱ्या निकाहाला राजी करते, मुली पाहायलाही सोबत जाते. याला त्याग म्हणून गौरवावे असे आम्हांला वाटत नाही.

चित्रपट आला तेव्हा दुसरी वाट खुली नव्हती. अल-अझहरने १९८० मध्येच पती-पत्नीच्या बीजाची टेस्ट ट्यूब बेबी जायज आणि तिसऱ्याचे बीज हराम ठरवले होते. शिया इराणात १९९९ साली अयातुल्ला खामेनी यांनी दात्याचे बीज मान्य केले, पण मुलाचा वारसा दात्याकडेच ठेवला. २००३ मध्ये भ्रूणदानाचा कायदा झाला. मूल घेणाऱ्या जोडप्यावर त्याने संगोपन, शिक्षण, खर्च सारे टाकले. नसब आणि मिरास यांबाबत तो गप्प राहिला. म्हणजे लैलाला आज मूल मिळेल, सासूला वंश मिळेलच असे नाही.

मेहरजुईंनी सासूला आधीच उत्तर दिले होते. दुसऱ्या बायकोला होते ती मुलगी.