झपाटलेल्याची आगबोट

वेर्नर हेर्झोग यांचा १९८२ चा 'फिट्झकाराल्डो' हा जर्मन चित्रपट एका स्वप्नवेड्याचे उदात्तीकरण करतो, असा आक्षेप घेतला जातो. पेरूतील इकितोस येथे ऑपेरागृह उभारायचे, त्यासाठी रबराचा पैसा हवा, म्हणून नायक आदिवासींकरवी अखंड आगबोट डोंगरापार ओढवून नेतो. इतिहासातील रबर-व्यापाऱ्याने बोट सुटी करून नेली होती. दिग्दर्शकाने मात्र चित्रीकरणासाठी खरीच बोट अखंड ओढविली. (अधिक झपाटलेला कोण, हे वाचकांनी ठरवावे.) आक्षेप आम्हांस अर्धाच मान्य आहे. दोर ओढणाऱ्यांच्या मनात चित्रपट फारसा डोकावत नाही, हे खरे. परंतु डोंगर ओलांडताच तेच लोक रात्री दोर कापून बोट नदीच्या उसळत्या धारेत सोडून देतात; तेथील कोपिष्ट शक्ती शांत व्हाव्यात म्हणून! त्यांचेही स्वप्न होते. नायकास त्याचा थांग नव्हता. एवढ्या एका प्रसंगासाठी आमचा कौल चित्रपटाच्या बाजूने.